बिननावाचा कीबोर्ड

३ मार्च
लागलो बाबा कामाला! कल्याणात चांगदेव काकांचं टायपिंगचं दुकान. भाडेकरार, प्रतिज्ञापत्र, शाळेचे अर्ज. मी बारावीला लटकलेलो, तरी काकांनी घेतलं. म्हणाले, बोटं चालतात ना, बस. दोन कॉम्प्युटर, एकावर मी, एकावर दर्शनाताई. ताई टाईपरायटरवर शिकलेली. नजर कागदावर, बोटं खाली धडाधड, कीबोर्डकडे बघतच नाही. हे बघून मला लगेच खाज सुटली. गिऱ्हाईक नसेल तेव्हा ही रोजनिशी पण माझ्या कॉम्प्युटरवरच टाईप करणार.

५ मार्च
ताई चहाला गेलेली, तेवढ्यात सेटिंगमध्ये जाऊन तिचा मराठी कीबोर्ड बदलून दुसराच लावला. आली, कागद बघत अर्धं पान बडवलं, मान वर केली तर स्क्रीनवर नुसता कचरा. म्हणाली, "मितेश, तुझी बोटं दारात घालून दार लावीन." मग हसली आणि स्वतःचा अर्धा वडापाव दिला. भारी बाई आहे.

७ मार्च
सेटिंगमध्ये कीबोर्डांच्या यादीत खाली एक ओळ रिकामी दिसली. नावच नाही. ताईला तोच लावला. पण पचका झाला. तिने पोरीचा, शिवानीचा, पहिलीचा अर्ज टाईप केला. पोरीचं नाव, नवऱ्याचं नाव, घरचा पत्ता. काना-मात्रा सगळं बरोबर उमटलं. मग काय, राहू दिलं तसंच.

८ मार्च
दुपारी शिवानी दुकानात आली. ताईने मला विचारलं, कोणाची रे ही? मला वाटलं माझीच फिरकी घेतेय. पोरगी पण हसली. ताईने तिला हाताला धरून बाहेर पायरीवर बसवलं, आई येईल हां तुझी म्हणाली, आणि परत कामाला बसली. शिवानी काचेला नाक लावून बघत राहिली.

संध्याकाळी नवरा न्यायला आला. परक्या माणसामागे जावं तशी ताई गेली.

१० मार्च
ताईला डॉक्टरकडे नेलं, ते म्हणे सगळं नॉर्मल. बाकी आठवतं तिला. त्या अर्जात जे होतं तेवढंच गेलंय. त्या कीबोर्डवर टाईप करशील ते डोक्यातून जातं — काकांना सांगितलं. म्हणाले, मस्करी पुरे. माझं कोण खरं मानणार.

११ मार्च
काढून टाकला तो. ताईच्या कॉम्प्युटरवरून गेला. शिवानी आली, ताईने उचलली, सोडेचना. मला बरं वाटायला पाहिजे होतं.

माझ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात भाषेचं नाव असतं. तिथे आता काहीच नाही. म्हणजे मी हे आत्ता जे —

१२ मार्च
काढायला गेलो. निघत नाही. बोटं पण थांबत नाहीत.

शेजारी एक बाई बसते. मला वडापाव देते. वर वाचलं, ताई म्हणायचो तिला. असेल.

भीती वाटत नाही. काहीच नाही. उद्या आई येणार खडवलीहून, मला न्यायला —

'आई' टाईप करायला नको होतं.

१३ मार्च
एक बाई आलीय. विचारलं, काय टाईप करायचं मावशी? ती खालीच बसली.

शेजारची ओरडतेय. "कीबोर्डवरून हात काढ. तुझं नाव सांग तिला."

सांगतो ना. नाव येतं मला. हे बघ — मि