सोळा आण्यांचं मन

डॉक्टरसाहेब, जठारपेठेतल्या तुमच्या दवाखान्याच्या जागी आता साड्यांचं दुकान आहे. तिथून बाया हसत बाहेर पडतात. आपल्याकडून तशी कोणी गेल्याचं मला आठवत नाही. तुमची वही मात्र माझ्याकडे आहे. उदास माणूस आला की तुम्ही त्याला पिकाची आणेवारी काढावी तसं विचारायचात, "पुरं मन सोळा आणे धरा. आज किती भरते?" तो सांगेल तो आकडा मी डावीकडे लिहायची, आणि तो तोंड उघडायच्या आधी तुम्ही ठरवलेला उजवीकडे. नवे पैसे आले, तरी मनाचे आपण आणेच ठेवले. उजवीकडचा आकडा कायम पाच-सहा आण्यांनी जास्त. विचारलं तर म्हणालात, "सिस्टर, तलाठ्यापुढे पीक कमी सांगितलं की शेतसारा माफ होते. हे लोक मन बी तसंच सांगतात." अख्खं वऱ्हाड तुम्ही दोन वाक्यांत लबाड ठरवलंत. स्वतः शेतकऱ्याचे, म्हणजे माहिती घरचीच.

मग ती मजुरी करणारी बाई आली, तिवश्याहून भावाकडे आलेली. हसून म्हणाली, "तीन आणे जी." तुमचे नऊ. टॉनिकची बाटली देऊन तुम्ही तिला वाटेला लावलंत. नऊ लिहिता लिहिता माझ्या तोंडून गेलं, "साहेब, या बाईले शेतच नाही. मंग कोणत्या तलाठ्यासाठी कमी सांगून राहिली?"

"पुड्या बांधा, सिस्टर," तुम्ही खेकसलात. नर्स मीच, कंपाउंडरही मीच; बांधू लागले. तिसरी पुडी होते न होते तोच तुम्ही अनवाणी रस्त्यावर. मोटारस्टँडवरून तिला परत आणलंत आणि विचारलंत, "बाई, तीनच काहून?"

"चार सांगनार होती. पन डॉक्टरसंग खोटं कायले बोलू?"

गावी पोचल्यावर विहीर गाठायची, हे तिनं ठरवून ठेवलं होतं. ते त्या दुपारी तिनं आपल्याला सांगितलं. भावानं तिला ठेवून घेतलं, दर आठवड्याला घेऊन आला. दसऱ्याच्या सुमारास ती म्हणाली, "अकरा." तुमचे दहा, पहिल्यांदाच तिच्या खाली. तेव्हापासून तुमचा नियम झाला: आकडे जुळले नाहीत तर दुरुस्ती करायची नाही, माणसाला पुन्हा बसवायचं आणि ऐकायचं.

माझा नवरा गेला त्या वर्षी दर शनिवारी दवाखाना बंद करताना तुम्ही विचारायचात, "सिस्टर, तुमचं?" मी म्हणायची, "चौदा! उरलेले दोन तुमच्या पगारवाढीत अडकले." तुम्ही हसायचात, चहा मागवायचात आणि तासभर मला बोलतं ठेवायचात. मला वाटायचं, याले घरी जायचा कंटाळा.

तुम्ही गेल्यावर वहीचं शेवटचं पान पाहिलं. तुमच्या अक्षरात, शनिवारमागून शनिवार: डावीकडे चौदा, उजवीकडे पाच.

हे पत्र त्याच पानात ठेवते आहे. पाच बरोबर होते, साहेब. चौदा मी वाढवून सांगायची; कमी सांगून माफ काय होणार? शेत मलाही नव्हतं.