घरच्या काट्यावर

प्रिय भाग्या,

भातकापणी उरकत आली. सकाळी उल्हास नदीवर धुकं असं बसतं की पलीकडचा काठ दिसत नाही. कर्जतहून घाट चढणाऱ्या गाडीचा भोंगा तेवढा ऐकू येतो, आणि माझा विळा आपोआप थांबतो. वाटतं, माझं पार्सल आत्ता याच गाडीत असेल. बोगद्यामागून बोगदे, मग काळी सपाट रानं, मग तुझं चंद्रपूर. मी न पाहिलेलं. माझ्या मनात तेही धुक्यातच असतं.

पार्सलं कशी पाठवते, ते तुला कधी सांगितलंच नाही. तू सुनीलशी लग्न करून गेलीस, आणि आदिवासी ठाकूरवाडीचा जावई नको म्हणून बाबांनी तुझं नाव घेणं सोडलं. गावचं पोस्ट तुझ्या चुलत्याच्या पडवीत. तिथं तुझ्या नावाची पेटी ठेवली असती, तर माझ्याआधी बातमी घरी पोचली असती. दीड वर्ष मी गप्प बसले. मग शेजारच्या राजेशची बायको नम्रता म्हणाली, "काकू, पोस्टात जायालाच नको. घरीच वजन करा, मी फोनवर माहिती भरते. कर्जतच्या पोस्टाचा माणूस येऊन पेटी नेतो."

तिनं केकचं सामान मोजायचा काटा आणून दिला. पेटीची लांबी-रुंदी मी शिलाईच्या टेपनं घेतली. पेटी ठेवली की आकडे थरथरायचे, आणि मला तू दिसायचीस. अंगणवाडीत झोळीत घालून तुझं वजन करायचे, तू पाय झाडायचीस आणि काटा काही केल्या थांबायचा नाही. बाई म्हणायच्या, "धर गं हिला." मी धरलं की वजन चुकायचं.

बाबा रानात गेले की स्वप्नील, तो पोस्टाचा माणूस, यायचा. पाच पेट्या अशा गेल्या. दिवाळीच्या पेटीला मात्र घोटाळा झाला. भरून, एक किलो सातशे लिहून ती मी खाटेखाली ठेवली आणि कापणीला गेले. बाबांच्या पायात काटा मोडला होता, म्हणून ते घरी. मला वाटलं, स्वप्नील दुपारनंतर येईल, तोवर मी परतेन. तो सकाळीच आला. मी आले तर पेटी नाही. बाबा ओट्यावर बसलेले. म्हणाले, "पोस्टाचा पोरगा येऊन गेला." बस, एवढंच. पेटीवर तुझं नाव, सुनीलचं नाव, ठळक अक्षरात. आठ दिवस मी त्यांच्यासमोर नजर वर केली नाही. दोनदा आमटीत मीठ घालायला विसरले. ते तसेच जेवले.

मग परवा नम्रताच्या फोनवर तुझा निरोप आला: वाल मिळाले, रविवारी बिरडं करते. अगं, मी वाल पाठवलेच नव्हते! स्वप्नील गावात आला तेव्हा त्याला विचारलं. तो म्हणाला, "काका म्हणाले, थांब रं, चिकटपट्टी सुटली हाय. पेटी आत घेऊन गेले, आणली ती जड लागली. मी म्हटलं, वजन पुन्हा लिवायला लागंल. म्हणाले, लिही." दोन किलो दोनशे झालं होतं.

घरी येऊन मी कोनाड्यातलं मडकं उघडलं. राखेत घोळून ठेवलेलं वालाचं बियाणं अर्धं झालेलं. म्हणून नम्रताकडून घाईनं कळवलं, वाल भिजवू नकोस. का, ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. बाबा थोरल्या काकांपासून वेगळे झाले, तेव्हा तुझ्या आजोबांनी त्यांना असंच अर्धं बियाणं दिलं होतं. वेगळं घर मांडलं की आपल्यात देतात. ते खायचं नसतं, भाग्या, पेरायचं असतं.

आज सकाळी शेताच्या बांधावर बाबा बराच वेळ उभे होते. वाल दवावर पोसतात, तुला माहीत आहे. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तिकडं दव पडतं का गं?" दोन वर्षांत तुझ्याबद्दल विचारलेली ही पहिली गोष्ट. पडतं का गं? कळव. पत्र त्यांच्या नावानं लिही.

तुझीच,
आई