हलका स्ट्रायकर

शलमोनदादा,

नगरला कॅरमच्या फायनलला चाललोय, सातच्या एसटीनं. तुझ्या जागी जोडीला कानिफ हाय. त्याला काई येत न्हाई, पन दुसरं कोन हाय? आईला सांग, भाकरी बांधून घेतलीय.

तुझा जड स्ट्रायकर मी नेलाय. चोरला म्हनू नको. मला त्यो दगडावानी लागतो, मला हलकाच पायजे, ह्ये तुला म्हाईत हाय. तरी नेलाय.

काल म्हन्लो, मशीननं उजव्या हाताचं बोट खाल्लं, आता कॅरम इसर. रागात बोललो. पन चार दिस झाले, तुझ्या डाव्या बाहीला बोर्डाची पावडर असती, आन मी आलो की तू बोर्ड भिंतीला लावतोस. मी काय आंधळा हाय?

डाव्या हाताला जड स्ट्रायकर रेटत न्हाई, म्हनून तू चिडून सोंगट्या फेकतोस. खाटंखालच्या मीच येचल्या. माझा हलका बोर्डावर ठेवलाय, त्याची कड बोटाला लागत न्हाई. मी येईपत्तूर राणी तरी घे.

हारून आलो तर हसू नको. तुझा लई जड हाय.

याकोब