आबांच्या खोलीतला हीटर

१२ डिसें.
सकाळी परत बंद. रात्री झोपताना लाल दिवा लागलेला माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. चहा घेऊन गेले तर हीटर गार आणि आबांचे पाय त्याहून गार. घोंगडी घडी करून उशाला. गोधडी जड होते म्हणून नको, हवी ती घोंगडीच, आणि तीही पांघरायची नाही. माणसाला कालचं जेवण आठवत नाही, घडी मात्र अजून चौकोनी.
छाती वाजतेय. डॉक्टरांनी बजावलंय, थंडीभर ऊब राहू द्या, परत न्यूमोनिया झाला तर या वयात अवघड आहे.
दादाला फोन. त्याने पुण्यात बसून निदान केलं, बटण वाढव. हीटर त्यानेच कुरिअरने पाठवलाय, म्हणजे माया पोचली. वाढवलं.

१३ डिसें.
बंदच.
संध्याकाळी संतोष वायरमन आला. टीव्हीच्या प्लगवर एवढा लोड चालत नसतो म्हणाला. जाड वायर ओढली, मोठा सॉकेट बसवला. भिंतीला भोक पाडलं त्याने, कचरा झाडला मी. त्याच्यासमोर हीटर अगदी शहाण्यासारखा चालला. आबा बाजेवरून बघत होते. ‘ह्येला काय झालंय,’ असं सारखं विचारत होते. संतोष म्हणाला, आजारी हाय आबा, बरा करतो. आबांनी गंभीरपणे मान हलवली.

१४
बंद. लिहायचाही कंटाळा.

१६ डिसें.
दादाचं नवं संशोधन. हीटर तिरका उभा असला की आपोआप बंद पडतो. आमची फरशी मोरीकडे उतरती, तेव्हा पटलं. खालच्या अंगाला टाइलचा तुकडा सरकवला. हीटर सरळ झाला, मी तुकड्याला ठेचकाळले, अंगठा फुटला.
जेवणं झाल्यावर बराच वेळ त्याच्याजवळ बसले. एकदाही बंद पडला नाही. आत जाऊन झोपले, सकाळी बंद. लोकांसमोर गोड वागायचं आणि पाठ फिरली की रंग दाखवायचे. असला एक मी आधी पाहिलाय. त्याला सोडून तर कळंबला माहेरी परत आले.
कामावर दुधाचे नमुने तपासताना डोळे मिटत होते. आई असती तर पाळ्या लावता आल्या असत्या.

१८ डिसें.
हीटर स्कूटीवर बांधून बारामतीला नेला, एमआयडीसीत जाता जाता दुरुस्तीवाल्याकडे टाकला. सुटल्यावर घ्यायला गेले तर दुकानात मजेत चालू. दिवसभर बंद केला नाही म्हणे.
म्हणाला, ‘ताई, ह्यात बिघाड न्हाय. ह्याच्यावर कापडं वाळत टाकता का?’ झाकला की आत फार तापतो, मग जळू नये म्हणून आपला आपण बंद पडतो. गार झाल्यावर बटण दाबलं की चालू. मी जरा तोऱ्यातच सांगितलं की आमच्याकडे दोऱ्या आहेत वाळत घालायला. त्याने हीटरच्या पात्यांमधून एक काळा केस ओढून काढला, पुसून टाकला.
केस नव्हता तो, लोकर होती. हे मला घरी येताना लिमटेक गावाच्या पुढे आल्यावर कळलं.
दादाचा फोन. तुला झेपत नसेल तर आबांना रविवारी घेऊन जातो. चौथा मजला, खिडक्या बंद, थंडीचा प्रश्न नाही. राग यायला हवा होता, आला नाही. ने एकदाचं, असं तोंडाशी आलं होतं. मला झोप हवी आहे.

१९ डिसें.
काल दार उघडं ठेवून जागी पडले. आबा उठले. घोंगडी उलगडली, हीटरवर पसरली, चारी कडा नीट खाली खोचल्या. मग आत हात घालून चाचपत बसले.
मी जवळ गेले. काय करताय आबा?
‘हळू बोल. कोकरू गारठलंय. आता कुठं अंग तापाय लागलंय.’
आणि तुम्ही काय पांघरणार, म्हटलं.
‘मला काय हुतंय. मी मोठा हाय.’
तांबडं फुटलं की काढून घ्यायची, कोकरू आईला लावायचं, असंही सांगितलं. म्हणून सकाळी घडी तयार.
पूर्वी दिवाळी झाली की आबा मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. रानात कोकरू झालं की हीच घोंगडी त्याच्यावर, आणि स्वतः शेकोटीला. मेंढरं विकून जमाना झाला. मी इतके दिवस सॉकेट बदलत होते.
रडू आलं. नंतर रागही आला, त्यांचाच. हीटर बंद पडला की रोज बिचाऱ्यांसमोर ते कोकरू गार पडत होतं, हे फार उशिरा लक्षात आलं.

२० डिसें.
दादाला सांगितलं. तो म्हणाला, आग लागली असती तर? उद्या नेतोच. त्याचं चुकत नाही.
आबांना समजावलं, हे यंत्र आहे. ‘व्हय,’ म्हणाले. तरी मी घोंगडी माझ्या खोलीत नेऊन ठेवली. मग आबा संध्याकाळभर ती शोधत फिरले. बाजेखाली, मोरीत, दाराबाहेर. शेवटी आणून दिली.
आज त्यांच्या बाजेशेजारी खुर्ची टाकून बसणार आहे. त्यांची पिशवी भरायची राहिली.

२१ डिसें., रवि.
खुर्चीतच डोळा लागला. जाग आली तर मान आखडलेली आणि बाहेर उजाडत होतं. हीटर चालू. लाल दिवा, वर काही नाही.
घोंगडी माझ्या अंगावर होती. कडा पायांखाली खोचलेल्या.
आबा नुसत्या बंडीवर बाजेच्या कडेला बसलेले. खोकत होते, तोंडावर हात धरून, मला जाग येऊ नये म्हणून. पाय हातात घेतले तर बर्फ. मला म्हणाले, ‘लई गारठली व्हतीस.’ मग दाराकडे बोट केलं. ‘तांबडं फुटलं. जा आता आईकडं.’
त्यांना स्वेटर घातला. तेल गरम करून पाय चोळतेय, मध्येच हे लिहितेय. खोकला थांबत नाही. डॉक्टरांचा दवाखाना रविवारी बंद असतो, बारामतीला न्यावं लागेल.
दादा निघालाय, दहापर्यंत पोचेल. पिशवी अजून भरलेली नाही.