वाचून न दाखवलेली साक्ष

अण्णा, तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा राग अजून पुरता गेलेला नाही. कांदिवलीला तुमच्या स्वयंपाकघरात, काकूंची आमटी उकळत असताना, तुम्ही मला लघुलेखन शिकवलंत. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती आणि कोर्टात टायपिस्ट म्हणून तुमचा दरारा होता. एकदा सरावात मी ‘साक्ष वाचून दाखवली, बरोबर असल्याचं कबूल केलं’ ही शेवटची ओळ आधीच लिहून टाकली, तर तुम्ही पानभर काट मारलीत. ‘वाचलीस का अजून? मग कबूल कोणी केलं, तुझ्या आज्याने?’ काकूसुद्धा हसल्या.

मग कारखान्याचा तो खटला. मशीनच्या पट्ट्यात सापडून एक कामगार गेला होता; फोरमनवर हलगर्जीपणाचा आरोप. विधवेच्या वकिलांनी टिपणं घ्यायला मला बसवलं होतं. मेलेल्याचा मशीनवरचा जोडीदार, मालवणकडचा, पिंजऱ्यात उभा आहे. ‘पट्टो फाटलो हा म्हणान फोरमनाक मी दोनदा सांगितलंय, सायब.’ मॅजिस्ट्रेट साहेब ते इंग्रजीत सांगतात, तुम्ही टाइप करता. जेवणाची सुट्टी होते, साहेब उठतात, तुम्ही कागद पुढे सरकवता आणि तो अंगठा उठवतो. वाचून कोणी दाखवलंच नाही. शेवटची ओळ मात्र कागदावर होती.

पुढच्या तारखेला नक्कल हाती आली. पट्टा फाटला होता, एवढंच त्यात. फोरमनला सांगितल्याचं नाही. वकिलांनी माझी वही पुढे केली, साक्षीदाराला परत बोलवा म्हणाले. साहेबांनी तुम्हाला विचारलं. माझ्याकडे न बघता तुम्ही म्हणालात, ‘वाचून दाखवली होती, साहेब. पोर अजून शिकतेय. तिच्या वहीवर जाऊ नका.’

फोरमन सुटला; त्याला पट्ट्याचं माहीत होतं याला पुरावा नाही म्हणून. व्हरांड्यात ती विधवा मला म्हणाली, ‘बाय, तू लिवलंस ना? मग?’

वाक्य गळालं ते मी समजू शकते. उकाड्यात, घाईत कुणाच्याही हातून राहतं, आणि ते सापडावं म्हणूनच तर वाचायचं असतं. तुम्ही नुसतं ‘राहिलं, साहेब’ म्हणाला असतात, तर तो माणूस परत पिंजऱ्यात उभा राहिला असता.

महिन्याभराने तुम्ही मला शिफारसपत्र दिलंत: हिच्या टिपणांवर डोळे मिटून विश्वास ठेवावा. ते मी तुमच्यासमोर फाडलं, असं मी माझ्या मुलांना सांगत आले. फाडलं नव्हतं, अण्णा. त्याच पत्रावर मला नोकरी लागली.