आपोआप सेव्ह होणारा अर्ज

मंगळवार संध्याकाळ, हडपसर

मुलींच्या शिष्यवृत्तीची आमची वेबसाइट पुन्हा बसली, आणि अर्जांची मुदत उद्या संपते. आमची प्रोग्रामर शबाना म्हणाली, "सर, उघडं असलेलं प्रत्येक पान सारखं सर्व्हरला अर्ज सेव्ह करायला सांगतंय. सर्व्हर गुदमरतोय. 'पुढे' दाबलं तरच सेव्ह होऊ दे."

"आणि मध्येच वीज गेली तर? पोरींनी पुन्हा पहिल्यापासून लिहायचं?"

"सर, भाषण नंतर. आत्ता कोणालाच काही लिहिता येत नाहीये."

आपोआप सेव्हची ती सोय मीच भांडून घेतली होती, वीज जाणाऱ्या गावांसाठीच. आता तीच त्यांच्या आड यावी? कर, म्हणालो.

साइट सुरू झाली. तेव्हापासून डोक्यावरच्या दिव्याकडे बघतोय. इथे आहे वीज. तिकडे एखादीचा अर्धा अर्ज लिहून झाला असेल, आणि गेली असेल का?