चार बोटे खाली थांबणाऱ्या लिफ्टबाबत

प्रति,
माननीय उद्वाहन निरीक्षक साहेब,
उद्वाहन निरीक्षक कार्यालय,
सहावा मजला.

अर्जदार : लिफ्टचा मिस्त्री, अनुभव बावीस वर्षे, सध्या दोन भावांच्या फर्ममध्ये नोकरीस.

विषय : आपले कार्यालय असलेल्या इमारतीतील एकमेव लिफ्ट तत्काळ बंद करून सील करणे, तसेच अर्जदाराच्या अकरा सह्या रद्द समजणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा दि. ३ चा अर्ज (आवक शिक्का आहे).
२) अर्जदाराचा दि. ९ चा अर्ज (शिक्का नाही, त्यावर चहाचा कप ठेवलेला अर्जदाराने स्वतः पाहिला).
३) साहेबांना दि. ६ रोजी लागलेली ठेच.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय निवेदन करण्यात येते की, सदर लिफ्टच्या ब्रेकचे लायनर झिजून संपले आहेत. लायनर म्हणजे ब्रेकला आतून लावलेले जाड अस्तर. ते चाक घट्ट धरते म्हणून लिफ्ट जिथे थांबायची तिथे थांबते. चार महिन्यांपूर्वी लिफ्ट मजल्याच्या एक बोट खाली थांबत होती. दिवस गेले तशी दोन, मग तीन, आणि आज सकाळी चार बोटे. ही मोजणी अर्जदाराने स्वतःच्या उजव्या हाताने केली आहे. साहेबांना ती सेंटिमीटरमध्ये हवी असल्यास पट्टी घेऊन पुन्हा करून देता येईल, पण त्यात वेळ जाईल, आणि हाताशी किती वेळ आहे हे अर्जदारास ठाऊक नाही.

२. लोकांना वाटते लिफ्टचा दोर तुटतो. दोर तुटत नसतो साहेब, दोर चांगले सहा आहेत. भीती वेगळीच आहे. लिफ्ट भरलेली असते, दार उघडते, माणूस एक पाय बाहेर टाकतो आणि ब्रेक सुटतो. माणूस अर्धा आत, अर्धा बाहेर, आणि लिफ्ट खाली निघालेली. यापुढचे अर्जदाराच्याने लिहवत नाही. ब्रेकची स्प्रिंग आवळून आवळून त्याने इतके दिवस काढले, आता आवळायला जागा उरलेली नाही.

३. नवीन लायनरची जोडी मिळत नाही असा कोणाचा समज होऊ नये. जोडी आहे. गेल्या चार महिन्यांपासून ती फर्मच्या स्टोअरमध्ये दाराजवळच्या फळीवर, खाकी कागदात गुंडाळून ठेवलेली आहे. अर्जदार ती जाळीतून रोज पाहतो.

स्टोअरची किल्ली थोरल्या शेठजींच्या पत्नी, म्हणजे वहिनीसाहेब, यांच्या कमरेला असते. वहिनीसाहेबांचा नियम असा की चिठ्ठीवर दोन्ही भावांची सही असल्याखेरीज खिळासुद्धा बाहेर जाणार नाही. नियम चांगला आहे. परंतु थोरले शेठ आणि धाकटे शेठ यांचा एकमेकांशी अबोला आहे. दोघे एकाच खोलीत बसतात. टेबलांमध्ये दहा फुटांचे अंतर आहे, आणि एकमेकांचे तोंड दिसू नये म्हणून मधोमध एक लोखंडी कपाट आणून उभे केले आहे. अर्जदार त्या कपाटाला वळसा घालून निरोप पोहोचवतो. थोरले शेठ म्हणतात, "मिस्त्री, तिकडे सांगा की फोनवर जरा हळू बोला." धाकटे शेठ कपाटापलीकडून म्हणतात, "मिस्त्री, तिकडे सांगा की ऐकू येतंय तर सांगायला माणूस कशाला लागतो?" बावीस वर्षांचा अनुभव असलेला कारागीर, हातात पाना, आणि दिवसभर कपाटाभोवती फेऱ्या. असो, तो मुद्दा या अर्जाचा नाही.

४. चिठ्ठीबाबत. अर्जदाराने पहिली चिठ्ठी केली तेव्हा थोरले शेठ म्हणाले, "आधी त्याची सही आण, मग बघतो." धाकटे शेठ म्हणाले, "त्यांच्या सहीच्या खाली मी सही करायची? मी काय कारकून आहे?" अर्जदाराने दुसऱ्या चिठ्ठीवर दोघांची नावे शेजारी शेजारी लिहिली. तेव्हा डावीकडे कोण आणि उजवीकडे कोण यावर आठ दिवस गेले. तिसऱ्या खेपेस अर्जदाराने डोके चालवले आणि दोन स्वतंत्र चिठ्ठ्या केल्या, एकेका भावासाठी एकेक. आश्चर्य म्हणजे दोघांनीही सह्या केल्या! अर्जदार धावतच स्टोअरला गेला. वहिनीसाहेबांनी दोन्ही चिठ्ठ्या वाचल्या आणि म्हणाल्या, "दोन चिठ्ठ्या म्हणजे दोन जोड्या. फळीवर एकच आहे. उद्या कमी भरली तर मला बोल लावाल. दुसरी जोडी आली की या." दुसरी जोडी मागवायची तर ऑर्डरवर दोघांची सही लागते.

अर्जदार जाळीला धरून बराच वेळ तिथेच उभा राहिला. त्याने हात आत घालून पाहिला. बोटे खाकी कागदाला लागत नाहीत, वीतभर कमी पडतात.

५. अर्जदार अशा ठिकाणी नोकरीस लागलाच का, असे साहेब विचारतील. घरीही विचारतात. अर्जदार एका मोठ्या कंपनीत होता आणि बरा होता. तीन वर्षांपूर्वी या दोघांच्या वडिलांनी, म्हणजे वडील मालकांनी, त्याला बोलावून घेतले. ते स्वतः कारागीर होते. सत्तरी ओलांडली तरी लिफ्टच्या टपावर चढून बसायचे, डोळे मिटून आवाज ऐकायचे आणि खाली उतरून नेमका कोणता नट सैल आहे ते सांगायचे. त्यांनी अर्जदाराला पहिल्याच दिवशी सांगितले, "लिफ्ट चालवणं काही मोठं नाही. ती थांबते कशी ते बघायला तुला घेतलाय." अर्जदाराला धन्य वाटले. असा माणूस हाताखाली घेतो म्हणजे आपले काम कोणीतरी पाहिले, असे त्याला वाटले. आठ महिन्यांत वडील मालक गेले, आणि पंधराव्या दिवशी ते कपाट आले.

६. आता अर्जदाराची स्वतःची चूक. ती लपवून हा अर्ज करता येत नाही.

दर महिन्याला लिफ्ट तपासून एक कार्ड भरायचे असते. त्यावर "ब्रेक तपासला, ठीक" असा छापील मजकूर असतो आणि खाली परवानाधारक मिस्त्रीची सही. वडील मालक गेल्यानंतर धाकटे शेठ एकदा चोवीस कोरी कार्डे घेऊन आले. म्हणाले, "मिस्त्री, दर महिन्याला तुम्हाला कुठे शोधत बसू? एकदाच करून टाका." अर्जदाराने केल्या. चहा पिता पिता चोवीस सह्या केल्या, आणि खरे सांगायचे तर सही वळणदार येते म्हणून त्याला थोडी मजाही वाटली. काम तर आपण करणारच आहोत, मग सही आज केली काय नि उद्या केली काय, असा विचार त्याने केला.

तेरा महिने काम आणि सही यांची गाठ पडत राहिली. त्यानंतर ब्रेक उतरला. अर्जदाराने नवीन कार्ड घेऊन त्यावर स्वच्छ अक्षरात "ब्रेक खराब, लिफ्ट बंद ठेवावी" असे लिहिले आणि लिफ्टमध्ये लावले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो त्याच्या कार्डाच्या जागी त्याचेच दुसरे कार्ड. ब्रेक तपासला, ठीक. खाली वळणदार सही. असे चार वेळा झाले. उरलेली सात कार्डे धाकट्या शेठजींच्या खणात आहेत, म्हणजे अजून सात महिने ही लिफ्ट अर्जदाराच्या सहीने ठणठणीत आहे. अर्जदाराला याची फार लाज वाटते.

७. यावर अर्जदाराने काय केले ते क्रमाने सादर आहे. लिफ्टचा स्विच बंद करून "लिफ्ट बंद आहे" अशी पाटी लावली. तासाभरात पाटी उलटी करून कोणीतरी त्यावर भाड्याने खोली पाहिजे म्हणून लिहिले आणि स्विच चालू केला. इमारतीच्या व्यवस्थापकांना सांगितले. ते म्हणाले, "करार फर्मशी आहे, फर्मने कळवू दे," आणि त्यांनी हात झटकले. मग अर्जदार तळमजल्यावर दारासमोर उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला जिन्याने जा म्हणून विनवू लागला. काही हसले. एका गृहस्थांनी सुटे पैसे नाहीत म्हणून सांगितले. चौथ्या मजल्यावरच्या कार्यालयात दर महिन्याला येणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांचे गुडघे गेलेले. त्या म्हणाल्या, "बाळ, मला चढवत नाही रे." तेव्हा अर्जदाराने आणि चहावाल्याने त्यांना खुर्चीत बसवून चार मजले उचलून नेले. त्या सबंध वाटेत म्हणत होत्या की लिफ्ट आहे की, लिफ्ट आहे की.

शेवटी अर्जदाराने मुख्य फ्यूज काढला आणि खिशात घातला. त्यावर फर्मने त्याच्यावर चोरीची तक्रार दिली. या तक्रारीवर दोन्ही भावांची सही आहे. एकाच कागदावर, एकाखाली एक.

फ्यूजच्या जागी धाकट्या शेठजींनी तारेचा तुकडा वळवून बसवला आहे. लिफ्ट चालू आहे.

८. अर्जदाराची झोप उडाली आहे. जेवताना घास हातात राहतो. शेजारी कोणी दार आपटले की तो उठून उभा राहतो. पत्नी म्हणते, "अहो, तुम्ही घरात असता की तिकडेच असता? ती लिफ्ट काय आपल्या बापाची आहे?" बापाची नाही. पण आत लावलेल्या कार्डावर सही आपली आहे, हे तिला सांगितले, तेव्हा तिने ताट झाकून ठेवले. रविवारी कार्यालये बंद असतात, लिफ्टमध्ये कोणी चढत नाही. तरी अर्जदार गेल्या रविवारी येऊन बंद फाटकाबाहेर उभा होता. का, ते त्यालाही सांगता येणार नाही.

९. साहेबांच्या कार्यालयाबाबत तक्रार नाही. आवक टेबलावरील बाबूंनी दोन्ही वेळा सौजन्याने सांगितले की असा अर्ज आस्थापनेमार्फत यावा लागतो, म्हणजे त्यावर मालकांची शिफारस हवी. मालक दोन असल्याने शिफारशीच्या सह्याही दोन. अर्जदाराने त्यांना कपाटाची हकीकत सांगितली. ते मनापासून हसले आणि चहा सांगायला लिफ्टने खाली गेले. ते परत वर येईपर्यंत अर्जदाराचा जीव थाऱ्यावर नव्हता.

दि. ६ रोजी अर्जदार सहाव्या मजल्यावर लिफ्टच्या दाराशी उभा होता. दार उघडले. साहेब बाहेर पडताना बूट मजल्याच्या कडेला अडखळला आणि साहेब पुढे झोकांडले. अर्जदाराने हात पुढे केला होता, पण साहेबांनी दाराची चौकट धरली. "ही कड जरा बघून बसवा रे," असे म्हणून साहेब आत गेले. ती कड त्या दिवशी साडेतीन बोटे उंच होती. अर्जदाराचे आधीचे दोन्ही अर्ज साहेबांपर्यंत पोहोचले नसतील तर ती ठेच हाच त्याचा अर्ज समजावा. तो योग्य मार्गाने, थेट साहेबांच्या पायापर्यंत पोहोचलेला आहे.

१०. सबब विनंती की, (अ) सदर लिफ्ट आजच सील व्हावी. (आ) अर्जदाराच्या सहीची लागलेली चार व खणातली सात, अशी अकरा कार्डे खोटी धरावीत. (इ) न पाहता सही केल्याबद्दल नियमाप्रमाणे अर्जदाराचा परवाना जाणार, हे त्याला माहीत आहे. साहेबांना पत्रव्यवहार करावा लागू नये म्हणून मूळ परवानाच जोडला आहे. बावीस वर्षे तो वरच्या खिशात होता, त्यामुळे घडीवर फाटला आहे, कृपया सांभाळून उघडावा. त्याबद्दल अर्जदाराचे काही म्हणणे नाही. लिफ्ट थांबावी, एवढेच म्हणणे आहे.

हा अर्ज आस्थापनेमार्फत नाही. ज्याच्या हातून चूक झाली त्याच्यामार्फत आहे.

आपल्या उत्तराची जिन्यात वाट पाहणारा,
मिस्त्री
(ही सही आजची असून वरील सर्व मजकूर वाचून केली आहे.)

दिनांक : १४, मंगळवार, सकाळचे अकरा.

सोबत :
१) मुख्य फ्यूज, एक नग (चोरीचा मुद्देमाल म्हणूनही चालेल).
२) थोरल्या व धाकट्या शेठजींच्या सहीच्या चिठ्ठ्या, दोन.
३) "ब्रेक खराब" असे लिहिलेली, काढून फेकलेली कार्डे, चार. कचऱ्याच्या टोपलीतून आणल्याने डाग आहेत.
४) परवाना, मूळ.

ता. क. अर्ज घेऊन जिना चढत असताना चौथ्या मजल्यावर लिफ्ट थांबल्याचा आवाज आला म्हणून अर्जदार वाकून पाहून आला. पाच बोटे. पाचवे बोट म्हणजे अंगठा धरला आहे. वर मजकुरात चार लिहिले आहे ते खोडत नाही, कारण सकाळी ते खरे होते. शिक्षिकाबाईंचा आज येण्याचा दिवस आहे, त्यामुळे अर्जदार हा कागद टेबलावर ठेवून लगेच खाली जात आहे. साहेबांनी हा अर्ज वाचून खाली यायचे ठरवल्यास कृपा करून जिन्याने यावे. पायऱ्या एकशे बत्तीस आहेत, अर्जदाराने मोजल्या आहेत. सावकाश उतरावे. अर्जदार खाली दाराशी उभा आहे, साहेब येईपर्यंत कोणाला चढू देणार नाही.